एक इंची पट्टा

१

प्रणालीनं हँडल ओढलंच नाही, असा निकाल अपूर्वनं दिला, तेव्हा तिच्या पायाचं प्लास्टर नीट वाळलंही नव्हतं.

अपूर्व माझा भाचा. रामटेकच्या पलीकडे एका खासगी धावपट्टीवर तो विमानातून उड्या मारायचा क्लब चालवतो. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या कचेरीतल्या खुर्चीला चिकटून बसल्या, त्या सगळ्यांच्या वाटचं हा एकटा उडतो. शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला, चहा नको म्हणाला आणि दोन कप प्यायला. नको म्हणून दोन कप पिणारा माणूस चहासाठी आलेला नसतो.

"मावशी, तू जन्मभर विम्याचे दावे तपासलेस. कोण खरं, कोण खोटं, तुला वासावरून कळतं. प्रणालीशी एकदा बोल. घाबरले, हात चालला नाही, एवढं तिच्या तोंडून काढ. मग मी सुटलो."

"कशातून?"

तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. "उद्या सकाळी नऊला क्लबमधलीच भैरवी उडी मारणार आहे. प्रणालीसारख्याच नव्या पट्ट्यांवर."

प्रकरण असं होतं. मागच्या रविवारी प्रणालीनं उडी मारली. छत्री उघडली, पण दोऱ्यांना पीळ पडून. अशा वेळी नियम साधा असतो. छातीवरचं लाल हँडल ओढायचं, बिघडलेली छत्री सोडून द्यायची आणि राखीव उघडायची. प्रणालीचं म्हणणं, मी ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, ते हललंच नाही. जमीन जवळ आल्यावर पीळ आपसूक सुटला आणि ती धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे शेतात, आदळली. चिखल होता म्हणून जीव वाचला, पाय मोडला. दुसऱ्या दिवशी तीच छत्री टांगून तेच हँडल ओढून पाहिलं. एका बोटानं निघालं.

"म्हणजे सामान बरोबर, माणूस चूक," अपूर्व म्हणाला.

"आणि ती खरं बोलत असेल तर?"

"तर उद्या भैरवी..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं. "पण आमच्या छत्र्या बांधणाऱ्या हेमराजनं तपासलंय ना, मावशी. माझ्यासमोर. आणि उद्या क्लबच्या परवानगीचे साहेब येताहेत. उडी रद्द केली तर का केली ते सांगावं लागेल. काय सांगू?"

अपूर्वला प्रणाली खोटी हवी होती. तसा तो वाईट मुलगा नाही. पण माणसाला जे हवं असतं ते त्याला शोधत फिरावं लागत नाही, दारात चप्पल काढून उभंच असतं. माझ्या जुन्या धंद्यात एक पथ्य होतं. जो दावा सगळ्यांच्याच सोयीचा, तो दोनदा तपासायचा.

मी पर्स उचलली. "आधी तो हेमराज दाखव."

२

शहराबाहेर, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मध्ये हेमराजची शेड. अर्ध्या भागात ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात, अर्ध्या भागात क्लबच्या छत्र्या. छत्र्या जोडण्याचं आणि घडी घालण्याचं प्रमाणपत्र त्यानं भिंतीवर लावलं होतं, देवाच्या फोटोपेक्षा वीतभर उंच.

"बसा मावशी. काय पाहाचं आहे?"

"सगळं. आणि मला काही कळत नाही असं समजून सांगा."

तो खुलला. न कळणाऱ्या बाईला समजावून सांगायला पुरुषांना नेहमीच वेळ असतो.

"हे पहा. छत्री अन् माणूस, यांच्या मधात हे दोन पट्टे. एक डाव्या खांद्यावर, एक उजव्या. यालेच रायझर म्हणते. पट्ट्याच्या बुडाले तीन कड्या. मोठीत मधली, मधलीत छोटी. अन् छोटीले धरून ठेवते हा दोरीचा इवलासा फासा. फाश्यातून ही पिवळी केबल गेली, अन् तिचं टोक पट्ट्याच्याच या कापडी नळीत. हँडल ओढलं की केबल सरकते, फासा सुटते, कड्या एकामागं एक निसटते. छत्री गेली."

"म्हणजे सगळा माणूस त्या फाश्यावर लोंबतो?"

"नाही ना! कड्या भार खाऊन टाकते. फाश्यापर्यंत चिमूटभर येते. आता हा चौडा पट्टा पहा, पावणेदोन इंची. याच्या कड्या मोठ्या, म्हणून हँडल हलकं निघते. अन् हा एक इंची. कड्या छोट्या, जरासं जड जाते. पण हवेत फडफड कमी, अन् दिसाले झकास."

"तुम्ही कोणता घ्या म्हणालात?"

"चौडा." त्यानं ओठ घट्ट मिटले. "तर भैरवी म्हणे, तो आजीबाईचा पट्टा. प्रणालीही हसली. अपूर्वसर म्हणे, बहुमत."

ज्याचा सल्ला हसण्यावारी गेला आणि आठवड्याभरात खरा ठरला, अशा माणसाकडे मी नीट पाहते. सल्ला खरा ठरावा म्हणून काहीजण थोडी मदतही करतात. पण हेमराजच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. डोळे तारवटलेले होते.

त्या मालातली एक जोडी न वापरता पडली होती, ती त्यानं माझ्या हातात दिली. नायलॉनचा पट्टा बोटांवरून दोन्हीकडे मऊ लोंबला.

"पायजाम्याची नाडी," मी म्हणाले.

"दिसते नाडी. पण तुमची मोटार उचलते ती."

"अपघातानंतर कसं तपासलंत?"

"चिखलानं भरली होती ना सारी. बादलीत बुडवून ठेवली, खळखळून धुतली, सुकवली. मग टांगून ओढली. लोण्यासारखी केबल निघाली." मग त्याचा आवाज उतरला. "मावशी, सात वर्षं झाले मी छत्र्या बांधून राहिलो. झोप नाही येऊन राहिली. ती पोरगी खोटं बोलत नाही. लहानपणापासून ओळखतो तिले, आमच्याच समाजातली. अन् माझं बांधणं चुकलं नाही. आता दोन्ही खरं असन तर?"

"तर तिसरं काहीतरी खरं आहे. भैरवीची जोडी तपासली?"

"नजरेनं तपासली. बरोबर होती. ओढून पाहिली तर सारं उसवून पुन्हा बांधा लागते, अन् सर म्हणे, काही गरज नाही." त्यानं दाराकडे पाहिलं. अपूर्व बाहेर फोनवर कुणालातरी साहेब, साहेब करत होता. "एक गोष्ट सरांनी तुम्हाले सांगतली नसन. नवे पट्टे लावून दोन्ही बॅगा माझ्याकडून थेट मैदानावर नाही गेल्या."

"मग कुठे गेल्या?"

"आठवडाभर प्रणालीच्या घरी होत्या. दोन्ही."

३

भैरवी धरमपेठेत राहते. दार तिनंच उघडलं. केस ओले, हातात सोललेलं संत्रं, आणि उद्या आकाशातून पडायचं आहे याची एक रेघ कपाळावर नाही.

"या ना मावशी. अपूर्वनं पाठवलं? मला समजवायला की तिला फोडायला?"

"अजून ठरलं नाही. तुझी बॅग तिच्या घरी कशी?"

"मी पुण्याला लग्नाला गेले होते. वाडीहून तिनं दोन्ही एकदम नेल्या, रविवारी मैदानावर घेऊन आली. चांगुलपणाच केला." तिनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "चांगुलपणा आणि मुंग्या."

"मुंग्या?"

"बॅग उघडली तर लाल मुंग्या! कप्प्यात नाहीत हां, पट्ट्यांवर. बया चिवडा खाऊन तिथंच हात पुसत असणार. मी फडक्यानं झटकल्या. हेमराजला सांगितलं असतं तर त्यानं मलाच भाषण दिलं असतं."

"पट्टे कसे वाटले?"

"मस्त! एकदम कोरे करकरीत. हातात घेतले की नवेपणा कळतो, ताठ. त्या जुन्या चौड्या पट्ट्यांसारखे गळपटलेले नाहीत."

नवं म्हणजे ताठ. नव्या सुती साडीच्या घडीत हात घालून मीही साठ वर्षं काढली आहेत. मान डोलावली आणि पुढे गेले. आलेली नोंद मी चुकीच्या खात्यात मांडली, आणि हे मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कळलं नाही.

"भोपाळच्या स्पर्धेला क्लबमधून एकीलाच जायचं होतं म्हणे."

"होतं. ती किंवा मी." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी तिची बॅग कापली असं विचारायचंय का? विचारा. मी पुण्याला होते आणि बॅगा तिच्या घरी. उलट झालं असतं तर बरं, नाही? माझं काही बिघडलं असतं तर संशयाला जागा होती. पण बिघडलं तिचं."

मुद्दा बिनतोड होता. स्वतःच्या घरात आठवडाभर ठेवलेल्या छत्रीनं प्रणालीचाच पाय मोडला होता.

"तुझी बॅग इथे आहे? पाहता येईल?"

"मैदानावर, लॉकरमध्ये. किल्ली अपूर्वकडे." ती मला दारापर्यंत सोडायला आली. मी चप्पल घालत होते तेव्हा तिच्या हातातल्या संत्र्याचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला दिसला. तिनं ते संत्रं केव्हाच चिरडलं होतं.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं? ती घाबरली होती ना?"

"तुला काय हवंय?"

"घाबरली असलेली हवी आहे," भैरवी म्हणाली. "उद्या मीच वर असणार आहे ना."

"मग नको मारू उडी."

"आणि साहेबांसमोर काय सांगू, मुंग्यांना घाबरले?" ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. ते अपूर्वच्या दुसऱ्या कपासारखं होतं.

४

रविवारी सकाळी आठ वाजून गेले तेव्हा मी तांडापेठेतल्या गल्लीत रिक्षातून उतरले. त्याआधी अपूर्वला तीन फोन केले होते. एकदा उचलला. "साहेब आलेत मावशी, तिनं कबूल केलं की मेसेज कर," एवढं बोलून ठेवला.

प्रणालीचे वडील शालिकराम दारातच होते. जन्म हातमागावर गेला. माग मोडीत निघाल्यावर गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात मापं कापायला लागले, आता तेही सोडलं. त्यांनी मला आत नेलं, खुर्ची पुसली आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"बाई, तुम्ही तपासाले आल्या ना? पट्टा तर नाही ना तुटला?"

"नाही. पट्टा शाबूत आहे."

"मंग झालं." त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "पट्टा नाही तुटणार. मी सांगतो."

आठवडाभर सगळे हँडलचं विचारत होते. पट्ट्याचं विचारणारा हा पहिला माणूस. मी ती गोष्ट बाजूला ठेवली आणि खाटेकडे वळले.

प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. पाय उशीवर. "मावशी, सरांनी तुम्हाले माझ्याकडून कबुली घ्याले पाठवलं. मले माहीत आहे. पण मी नाही घाबरली. घाबरली असती तर सांगतलं असतं. घाबराची काय लाज?"

"काय झालं ते सांग. सावकाश."

"दोऱ्या पिळल्या. मी लाथा मारून राहिली, पीळ निघत नव्हता. मंग हँडल धरलं. ओढलं. नाही आलं. दोन्ही हातानं ओढलं. नाही आलं. खाली रान मोठं मोठं होऊन राहिलं, अन् मी ओढून राहिली. सर म्हणते, घाबरल्यावर माणसाले वाटते की आपण ओढलं." तिनं आपल्या तळव्याकडे पाहिलं. "आता मलेही वाटून राहिलं, की नसनच ओढलं."

"हात दाखव."

तिनं उजवा हात पुढे केला. दोन बोटांची नखं मुळापासून उचकटून काळी पडली होती. तळव्यावर हँडलच्या कडेचा निळा वळ, आठवड्यानंतरही.

"हे कुणाला दाखवलंस?"

"सारे पायच पाहून राहिले होते."

विम्यात मी पुष्कळ खोटी दुखणी पाहिली. नख असं कुणी खोटं उचकटत नाही. या पोरीनं जिवाच्या आकांतानं हँडल ओढलं होतं आणि ते निघालं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात नऊला वीस मिनिटं कमी होती. मी अपूर्वला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मेसेज टाकला, उडी थांबव. त्यावर एकच खूण आली, दुसरी येईना.

पण थांबव म्हणून थांबवायला तो कारण मागणार, आणि कारण माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात प्रणालीची आई, पुष्पलताबाई, चहा घेऊन आल्या. मागच्या अंगणातल्या दोरीवर त्यांचं पांढरं सुती पातळ वाळत होतं. वारा होता, पण पातळ हलत नव्हतं. पत्र्यासारखं ताठ उभं होतं.

"बाई, पातळ पाहता काय?" त्या हसल्या. "ह्यांचं काम आहे. माग गेला, पण खळ नाही सुटली. ह्यांनी खळ देल्ली की आत माणूस नसला तरी पातळ उभं राहते."

"तांदळाची पेज, पातळ कराची अन् कुंच्यानं मारत जाची," शालिकराम म्हणाले. त्यांची बोटं हवेत कुंचा फिरवत होती. "काहून सांगू? कच्चा धागा मागावर चढवला तर तटातटा तुटते. तोच धागा खळ पिला, की मंग ठोका कितीही, तुटत नाही. बळ धाग्यात नसते बाई, खळीत राहते."

चुकीच्या खात्यातली नोंद उठून माझ्यासमोर उभी राहिली.

हेमराजच्या शेडमधला न वापरलेला पट्टा नाडीसारखा मऊ होता. भैरवीचा नवा पट्टा ताठ. एकच माल. मधल्या आठवड्यात दोन्ही बॅगा या घरात. नायलॉन नवं असताना ताठ नसतं, ताठ असतो तो सुती कपडा, खळीमुळे. मुंग्या चिवड्याच्या मागं लागल्या नव्हत्या, भाताच्या पेजेच्या मागं लागल्या होत्या. आणि प्रणालीचा पट्टा तपासात निर्दोष का निघाला? आधी बांधीतल्या पाण्यात, मग हेमराजच्या बादलीत, दोनदा धुतला गेला म्हणून.

"शालिकरामजी," मी म्हणाले. "त्या पट्ट्यांना खळ दिलीत?"

त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, चोरून. मग मान ताठ केली.

"देल्ली. पहिले चौडा पट्टा होता, मी कधी बोटही नाही लावलं. हा नवीन पाहिला, तर एवढासा! नाडी! यावर माझी पोर लटकन? ती कामावर गेली, तवा देल्ली. चांगली दोन हात."

"बाबा!" प्रणाली ओरडली.

"कुठे कुठे दिली?"

"साऱ्या पट्ट्याले. खाली कड्यापाशी जास्त, तिथं कापडाची नळी आहे न बारीक, ते फारच नरम लागत होतं. चांगली आत जिरवली." मग ते अभिमानानं म्हणाले, "दोन्ही जोड्यांले देल्ली बाई. आपल्या पोरीले द्याची अन् दुसऱ्याच्या पोरीले नाही, असं कसं?"

५

अपूर्वचा फोन वाजतच राहिला. हेमराजनं पहिल्या रिंगला उचलला.

"हेमराज, भैरवी कुठे आहे?"

"वर गेली न मावशी. साहेबांले घाई होती, लवकर उडवलं. काहून?"

"विमान परत बोलवा. तिच्या केबलच्या नळीत खळ आहे. वाळलेली. हँडल निघणार नाही."

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. फोन त्याच्या मुठीतच राहिला असावा. पळणारे पाय ऐकू आले, धापा, "सर! रेडिओ! सर, रेडिओ द्या!" आणि अपूर्वचा आवाज, "काय झालं?" मग दोघं एकदम बोलत होते. मग कुणीतरी लांबून, अगदी आनंदानं, ओरडलं.

"सुटली! ती पाहा, सुटली!"

मी फोन स्पीकरवर टाकला. लपवायला काही उरलं नव्हतं. प्रणालीनं दोन्ही हातांनी चादर धरली होती. तिला ठाऊक होतं की छत्री सरळ उघडली तर लाल हँडलला हातही लावावा लागत नाही. शंभरातल्या कितीतरी उड्या तशाच होतात. पण ती तोंडातल्या तोंडात एकच शब्द म्हणत होती. सरळ. सरळ. सरळ.

"उघडली," हेमराज म्हणाला.

मग:

"मावशी, पीळ आहे."

फोनमधून फक्त वारा येत होता. शालिकराम माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होते, मग पोरीकडे, मग पुन्हा फोनकडे. त्यांना अजून कुणी काही समजावलं नव्हतं, पण कारागिराला आपल्या हातचं बिघडलेलं दिसायला समजावावं लागत नाही.

"हेमराजभाऊ!" प्रणाली किंचाळली. "तिले सांगा हँडलच्या नादी नको लागू! लाथा मार म्हणा! पट्टे फाकव अन् लाथा मार!"

"तिच्याजवळ रेडिओ नाही वं..." हेमराज म्हणाला. "मारून राहिली. लाथा मारून राहिली. फिरली... अजून आहे... अजून एक... फिरून राहिली..."

पुष्पलताबाई अंगणात जाऊन आभाळाकडे पाहायला लागल्या.

"सुटला! मावशी, पीळ सुटला! चौकोन झाली छत्री! येऊन राहिली खाली!"

तो रडत होता. बाजूला टाळ्या वाजत होत्या. पाहुण्यांना कार्यक्रम आवडलेला दिसत होता.

"हेमराज," मी म्हणाले, "उतरल्यावर पट्ट्यांना पाण्याचा थेंब लागू देऊ नका. तसेच टांगा. अपूर्वला स्वतःच्या हातानं हँडल ओढू द्या."

पाऊण तासानं अपूर्वचा फोन आला. त्यानं ओढलं होतं. मग हेमराजनं. मग दोघांनी मिळून. भैरवीला तसंच पट्ट्यात लटकवून ओढलं, तरी हँडल जागचं हललं नव्हतं. मग त्यांनी कड्यांवर बाटलीभर पाणी ओतलं, चोळलं, थोडं थांबले. एका हातानं निघालं. बोटं बुळबुळीत झाली.

"मावशी, प्रणालीला फोन दे," तो म्हणाला. मग जे बोलला ते तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "ठीक आहे सर. पण पुढच्या टायमाले पायासोबत हातही पाहत जा."

शालिकराम उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी हात मांडीखाली दाबून घेतले होते, जसे ते कुणा दुसऱ्याचे असावेत.

"मी तुले मारलंच होतं," ते म्हणाले.

मला वाटलं, प्रणाली म्हणेल, जाऊ दे बाबा. ती तसं म्हणाली नाही.

"तू त्या दिवशी मले विचारलं होतं, हे कसं काम करते म्हणून. आठवते? मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं." तिनं नाक पुसलं. "सांगतलं असतं तर तू नळीत पेज घातली असती का?"

"केबल सरकते तिथं? येडा आहो का मी?"

"मंग. अर्धं तुह्यं, अर्धं माह्यं."

माझ्या सगळ्या नोकरीत मी दोषाची इतकी सरळ वाटणी पाहिली नव्हती. मी सुधारायला गेले नाही.

६

पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्या घरी जमलो. अपूर्वनं दोन्ही अरुंद जोड्या बाद केल्या होत्या आणि क्लबसाठी नव्या मागवायच्या होत्या. हेमराजनं दोन नमुने आणले होते, एक चौडा, एक अरुंद. अंगावर चढवायच्या पट्ट्यांचा एक रिकामा साज, हार्नेस, तोही आणला होता. भैरवी प्रणालीच्या खाटेवर बसली होती. दोघी एकाच ताटलीतलं खात होत्या, आणि भोपाळचा विषय दोघीही काढत नव्हत्या.

"बोल, कोणता?" अपूर्वनं प्रणालीला विचारलं. "या वेळी बहुमत नाही. तू सांगशील तो."

तिच्या मनातला हिशेब मला दिसत होता. चौडा घेतला तर बाबाला जन्मभर वाटणार की आपल्यामुळे पोरीनं माघार घेतली. अरुंद घेतला तर बाबा दर रविवारी उंबऱ्यावर बसून मरणार.

"बाबा," ती म्हणाली, "तू सांग."

शालिकराम दचकले. "मी? मी हात नाही लावत आता."

"लाव. सगळ्यांच्या समोर लाव."

ते पुढे आले. आधी अरुंद पट्टा दोन बोटांत घेतला, मग चौडा. वीण पाहिली, कड पाहिली, उजेडासमोर धरला. मग दोन्ही खाली ठेवले.

"तुटाचं मले समजते," ते हेमराजला म्हणाले. "जन्मभर तेच केलं. दोन्ही नाही तुटत, हे माह्या बोटाले कळून राहिलं. पण मले हे सांग गा, सोडाचं काम कोणता चांगलं करते?"

हेमराजनं अपूर्वकडे पाहिलं नाही. "चौडा, काका. कड्या मोठ्या आहे ना. हलकं निघते."

"दाखव."

हेमराजनं चौडा पट्टा हार्नेसला जोडला. मोठीत मधली, मधलीत छोटी, छोटीवर फासा, फाश्यातून केबल. शालिकराम त्याच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक कडी बसताना पाहत होते. मग हेमराजनं हार्नेसचं लाल हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घट्ट धरलं, इतकं की बोटं पांढरी झाली.

"एवढं नाही, काका. हळूच."

त्यांनी ओढलं. केबल सरकली, कड्या निसटल्या आणि पट्टा सुटून प्रणालीच्या मांडीवर पडला. काही वाजलंही नाही.

शालिकराम रिकाम्या हार्नेसकडे पाहत राहिले. मग त्यांनी पट्टा उचलून हेमराजच्या हातात दिला आणि त्याच्या बाजूला खाली मांडी घालून बसले.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.